एक गाणं, एक घर

सायमन सरांना एखादं गाणं लावायला सांगितलं की ते आधी पत्ता विचारत. गाणं कुणी म्हटलंय, कुठल्या सिनेमातलं आहे, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. "कुठल्या घरचं?" एवढाच प्रश्न. आपण गोंधळून बघत राहिलो की ते स्वतःच डोळे मिटून त्यांच्या वटार गावच्या रस्त्याला लागत. "चर्चवरून निघालो... क्रुसापाशी डावीकडे... विहीर... विहिरीला लागून कैतान सुताराचं घर. हं, तिथे आहे." मग डोळे उघडून माउसने बरोबर त्या फोल्डरवर टिचकी मारत.

सर आमच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून आणि हौसेने गायनाचे तास घेऊन रिटायर झाले होते. मी त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. लग्न होऊन ठाण्याहून विरारजवळ बोळिंजला आलेली मी. मला अख्खी शाळा 'टीचर' म्हणायची, म्हणून सरही टीचरच म्हणत, आणि त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही अहो-जाहो करत. आखातातल्या मुलाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला तेव्हा तो शिकवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. विरारला तेव्हा दिवसातून इतक्यांदा लाइट जायची की आमचं निम्मं शिक्षण 'सेव्ह करा, सेव्ह करा' यातच व्हायचं.

सरांकडे दोनशे कॅसेटी होत्या. तरुणपणी एक टेपरेकॉर्डर घेऊन ते गावातल्या लग्नांना जात. मांडवात, विहिरीवर पाणी आणायला जाताना बायका जी गाणी म्हणायच्या ती सगळी त्यांनी भरून ठेवली होती. त्या कॅसेटी त्यांनी एकेक करून कॉम्प्युटरवर चढवल्या. शिवाय स्टेशनबाहेर मिळणाऱ्या, एकीत दीडशे गाणी भरलेल्या सीड्या होत्याच. पण हे सगळं लावण्याची त्यांची पद्धत म्हणजे एक प्रकरण होतं. चर्चपासून समुद्राकडे जाणाऱ्या त्यांच्या रस्त्यावर एकोणीस घरं. कॉम्प्युटरवर एकोणीस फोल्डर. त्याच क्रमाने, आकडे घालून. ज्या घरच्या लग्नातलं गाणं, ते त्या घरात. इथपर्यंत ठीक होतं. पण सिनेमाची गाणीसुद्धा ते पहिल्यांदा जिथे ऐकली त्या घरात ठेवत. पूर्वी त्या रस्त्यावर रेडिओ तीनच घरी होते, त्यामुळे सगळा जुना हिंदी सिनेमा त्या तीन घरांत दाटीवाटीने राहत होता. एक कव्वाली कंपाउंडरच्या घरी होती, कारण सरांना तेव्हा इंजेक्शन घ्यायचं होतं. आणि जी गाणी कुठे ऐकली ते आठवत नाही, त्यांच्यासाठी 'वेशीबाहेर' नावाचं फोल्डर होतं.

"आणि एकच गाणं दोन घरांत ऐकलं असेल तर?" मी एकदा विचारलं.

"पहिलं घर खरं. दुसऱ्या घरी ते पाहुणं. एक गाणं, एक घर."

हे त्यांचं पालुपद. त्यावर वाद नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांना लेबलं आहेत, आणि लेबलांवर डाळ भरल्याची तारीख. तीनदा कुणी रिमोट जागेवर ठेवला नाही की मी चौथ्यांदा बोलते. अशा बाईला ती घरं बघून काय होत असेल विचार करा. "सर, गायकाप्रमाणे लावा, सिनेमाप्रमाणे लावा, जगात असंच लावतात," मी म्हणायची. "उद्या दुसऱ्या कुणाला गाणं हवं असलं तर कसं सापडणार?"

"त्याने चर्चवरून चालत यावं. सापडेल."

मग मला एक सॉफ्टवेअर मिळालं. ते म्हणे हजारो गाणी आपली आपण ओळखतं, नावं दुरुस्त करतं आणि जागच्या जागी लावतं. मला तर गुप्तधन सापडल्यासारखं झालं. महिनाभर मी सरांच्या कानीकपाळी ओरडत होते. शेवटी वैतागून ते म्हणाले, "करा बापडे. तुमच्या यंत्राला हौस असेल तर करू दे." नंतर कळलं, त्यांना वाटलं होतं मी नुसती झाडलोट करणार आहे.

परीक्षा आटोपल्यावर एका सकाळी मी त्यांच्या ओटीवर बसून बटण दाबलं. सर मागे मोगऱ्याला पाणी घालत होते. सॉफ्टवेअरने विचारलं, गायकाप्रमाणे लावू का? हो. जुने फोल्डर मोडू का? हो. रिकामे असतील ते काढून टाकू का? हो, हो. घाई माझी, लाइट जायच्या आत व्हायला हवं होतं. चाळीस मिनिटांत काम फत्ते. सिनेमाची गाणी अशी शिस्तीत उभी राहिली की मला भरून आलं. गावच्या बायकांची गाणी मात्र जगातल्या कुठल्याच यादीत नव्हती. ती तीनशे एकसष्ट गाणी सॉफ्टवेअरने एकाच ठिकाणी ओतली होती. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. वर नाव, 'अननोन आर्टिस्ट'.

सर हात पुसत आले, चष्मा लावला. "हे कोण?"

"म्हणजे... ज्यांचं नाव माहीत नाही असे गायक."

त्यांनी ट्रॅक एक लावला. एक म्हातारा, खणखणीत आवाज सुरू झाला. "ही माहीत नाही? ही इनास मावशी. अर्ध्या गावाची लग्नं हिच्या गाण्यांवर लागली." दुसरा लावला. "ही मोनिका. हिच्या मांडवात मी वाढपी होतो. ही अननोन?"

आमच्याशी कायम पुस्तकातलं मराठी बोलणारे सर त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. मला त्यातलं निम्मं कळलं. तेवढं पुरलं. मग ते उजवीकडे-डावीकडे माउस फिरवत राहिले आणि हळूच म्हणाले, "टीचर, गाव कुठे गेलं?"

केलेलं परत फिरवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. मी दोन तास शोधली. घरी आले, जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "डाळींच्या डब्यांवर भागलं नाही का तुझं?" एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा सरांच्या दारात. "हाताने लावू या. सगळं. मी टाइप करते." सरांनी खुर्ची पुढे केली. अख्खी मे महिन्याची सुट्टी अशी गेली. मी ट्रॅक लावायचा, सरांनी दोन सेकंद कान द्यायचा आणि नाव-गाव सांगायचं. "फिलोमिना. आठवं घर. हिचा दीर बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा." "ही रोजा. हिला 'र' म्हणता येत नसे, ऐका." आवाज संपायच्या आत गोष्ट सुरू. यंत्राने चाळीस मिनिटांत मोडलेलं लावायला आम्हाला पाच आठवडे लागले, आणि खरं सांगते, मला कंटाळा आला नाही.

एक दिवस परत जाताना मी रिक्षा केली नाही, चालत निघाले. सरांच्या घरून चर्चकडे, उलट्या बाजूने घरं ओळखत. फिलोमिनाच्या जागी चार मजली इमारत, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. कैतान सुताराच्या जागी पार्किंग. विहिरीवर स्लॅब. इनास मावशीच्या वाडीला पत्र्याचं कुंपण आणि त्यावर फ्लॅट बुकिंगचा बोर्ड. चर्चपर्यंतच्या वाटेत जुनी घरं मला पाच मोजता आली. या रस्त्यावरून मी दोन वर्षं येत-जात होते आणि मला काहीही दिसलं नव्हतं. सरांचं गाव त्या कॉम्प्युटरवर तेवढं शिल्लक होतं, आणि ते मी बिल्डरपेक्षाही भराभर पाडलं होतं. मला माझी अशी लाज वाटली की काय सांगू.

सुट्टी संपता संपता शेवटचा ट्रॅक लागला. "झालं सर. सगळी गाणी आपापल्या घरी गेली."

सर पडद्यावर बोट ठेवून मोजत होते. "पंधरा. सतरा. सोळावं राहिलं."

"सोळावं कुणाचं?"

"आमचं."

"त्यातली गाणी कुठली होती?"

"त्यात काही नव्हतं."

मला सॉफ्टवेअरचा तिसरा प्रश्न आठवला. रिकामे असतील ते काढून टाकू का? आणि मी दोनदा हो म्हटलं होतं.

सरांनी चष्मा काढला. "आमच्या मार्थाला गाता येत नसे," ते म्हणाले. मार्था म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. "एकदा इथेच ओटीवर इनास मावशीचं रेकॉर्डिंग करत होतो. ही आत मागोमाग गुणगुणायला लागली. मी म्हटलं, तू जरा बाहेर जा, टेप खराब होते. ती टेप पुसली आणि परत भरली. एवढंच झालं. ती रागावली नाही की काही नाही. पण पुढे मी टेप काढली की ती आपण होऊन परसात जायची. शेवटपर्यंत." त्यांनी चष्मा पुसला. "ती गेल्यावर मी दोनशे कॅसेटी ऐकल्या, टीचर. म्हटलं कुठे तरी खोकली असेल, कुणाला चहा विचारला असेल. कुठेही नाही. सगळ्या गावाचा आवाज धरून ठेवला मी, आणि तिचाच नाही. म्हणून ते रिकामं. पण घर तर होतं ना? रस्त्यावर नको का दिसायला?"

मी नवीन फोल्डर केलं, सोळा आकडा घातला, 'आमचं घर' लिहिलं. आणि मग मला एक गोष्ट आठवली. माझ्या व्यवस्थितपणाच्या खोडीमुळेच आठवली.

"सर, मावशीची जी गाणी इथे ओटीवर भरली आहेत ना, त्यांच्या सुरुवातीला एक आवाज आहे. मी तो कापून टाकणार होते."

"कसला?"

मी त्यातलं एक लावलं. आधी टेपची खरखर. मग तरुण सायमन सरांचा आवाज, "हं, चालू करतो." मग कुणाची तरी पावलं, आतल्या बाजूला जाणारी. मग खट्. मग लांबून एक कोंबडी. आणि मग मावशी.

"ही परसदाराची कडी," सर एखाद्या शब्दाचा अर्थ सांगावा तसे म्हणाले. "ही तर प्रत्येक..." आणि तिथेच थांबले.

"परत लावा," ते म्हणाले.

मी परत लावलं. पावलं, खट्, कोंबडी. पाच वेळा लावलं. दरवेळी मावशी गायला लागली की ते हात वर करत आणि मी पुन्हा सुरुवातीला जात असे. सहाव्यांदा त्यांनी हात वर केला नाही, गाणं पूर्ण होऊ दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

"हे सोळाव्या घरात ठेवा," ते म्हणाले.

"पण सर, हे इनास मावशीच्या घरच्या लग्नातलं, इथे नुसतं भरलेलं. एक गाणं, एक घर."

"दोन्हीकडे ठेवा."

मी फाइलची दुसरी प्रत केली, सोळाव्या घरात नेली आणि नाव काय देऊ म्हणून विचारलं. सरांनी चष्मा लावला आणि वर्गात शुद्धलेखन सांगत तसं एकेक शब्द सावकाश सांगितला.

"लिहा. आवाज, इनास मावशी. कडी, मार्था."