यमुनाआत्याचं घरचं लोणी

आमच्या यमुनाआत्याला विकतचं काही चालत नाही. राजगडाच्या पायथ्याच्या पालीहून भोरला माझ्याकडे आली, तरी पिशवीत भाकरी, चटणी आणि बाटलीत स्वतःच्या विहिरीचं पाणी असतं. माझ्या लग्नात तिनं आचाऱ्याला गाठून विचारलं होतं, "तूप घरचं हाय का?" तो बिचारा खरं बोलला. मग आत्यानं भर पंगतीत डबा उघडला. माझ्या चष्म्यावरही तिचा राग. म्हणते, "इकतच्या डोळ्यानं काय दिसनार?" राजगडावर येणाऱ्या पोरांना ताक मात्र ती विकते. विकायला तिची ना नाही.

मागच्या वर्षी तिच्या पायावर म्हशीनं पाय दिला. आत्यानं जखमेवर घरची हळद दाबली. जखम भरायची सोडून चिघळत गेली. शेवटी मी तिला जबरदस्तीनं भोरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "आजी, तुमची साखर फार वाढलीय."

"साखर? म्या साखर इकत आनतच न्हाई. घरचा गूळ खाते."

डॉक्टरांनी गूळ बंद केला, गोळ्या दिल्या. तरी जखम भरेना. अंगठा काढावा लागेल अशी वेळ आली, तेव्हा ते म्हणाले, "एक उपाय करून बघू. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वर पिवळं पाणी येतं ते जखमेत सोडायचं. जखम भरून आणणारे कण त्यात जास्त असतात."

आत्याचे डोळे चमकले. "म्हंजी इकतचं काईच न्हाई?"

"नाही. सगळं तुमचंच."

"मंग काढा की."

यंत्र सुरू झालं तशी ती लंगडत जाऊन त्याच्याशेजारीच बसली. "लई घुसळू नका. गरम झालं की लोनी इतळतं. वाईच गार पानी शिपडा." डॉक्टरांनी नळी बाहेर काढली. खाली लाल, वर पिवळं. आत्यानं ती उजेडात धरायला लावली आणि निकाल दिला, "पिवळं हाय. गाईचं निगालं."

साखर उतरली, डॉक्टरांनी पुन्हा दोनदा घुसळलं, आणि जखम खरंच भरू लागली. पालीत आत्याला दम निघेना. ताक प्यायला थांबलेल्या पोरांना ती पट्टी सोडून दाखवायची. "सोताच्या रगताचं घरचं लोनी लावलंय." पोरं पेला तसाच ठेवून गडाच्या वाटेला लागायची.

सुनेशी, म्हणजे संगीतावहिनींशी मात्र तिचं थेट बोलणं नव्हतं. दोघी म्हशीमार्फत बोलायच्या. "म्हशे, तिला सांग, आज पट्टी बदलायची हाय." आणि वहिनी गरम पाणी घेऊन यायच्या.

शेवटच्या तपासणीला त्याच तिला घेऊन आल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. मी आत्याबरोबर आत गेलो. भिंतीवर एका बाईच्या चेहऱ्याचे दोन फोटो होते, आधीचा आणि नंतरचा.

"ह्ये बी घरच्या लोन्यानंच?" आत्यानं विचारलं.

"हो. सुरकुत्या, भाजल्याचे डाग थोडे कमी होतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही."

आत्यानं हात पुढे केला. "काढा."

डॉक्टर हसले. "आजी, आता तरुण व्हायचंय?"

"माजं काय करायचंय? संगीच्या गालाला लावा. दिवाळीत कढईतलं त्याल उडालं. तवापासनं पोर कुनाच्या लग्नाला जाईना. म्हायेरीबी गेली न्हाई."

"तिला तिचंच रक्त लागेल, आजी. तुमचं नाही चालणार."

आत्यानं हात हळूहळू मागे घेतला.

"म्हंजी तितं माजं घरचं चालत न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "जा, बोलव तिला. डाक्टर बोलवत्यात म्हन. माजं नाव काडू नगंस."

मी बाहेर आलो. संगीतावहिनी गालावर पदर ओढून, आत्याची चप्पल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून घाबऱ्याघुबऱ्या उठल्या.

"आत्याबाईंचा पाय बरा हाय न्हवं?"

"पाय बरा आहे, वहिनी," मी म्हणालो. "तुम्हाला आत बोलावलंय."