खंदारे सरांची मान

खंदारे सर मान हलवत नाहीत. हो म्हणायचं असलं तर ‘मंजूर’ म्हणतात, नाही म्हणायचं असलं तर ‘नामंजूर’. बायकोला हो सांगायचं तर अंगठा वर करतात. मागून कुणी हाक मारली की अख्खे वळतात. आधी पाय, मग कंबर, मग खांदे आणि खांद्यांवर ठेवलेलं डोकं. देवळात हात जोडतात, वाकत मात्र नाहीत. परवा चप्पल शोधायला ताठ मानेनं उकिडवे बसले, ते त्यांना उठवायला दोघे लागले. कुरुंद्यातल्या पोरांनी त्यांचं नाव ‘खांब’ ठेवलंय आणि सरांना ते माहीत आहे.

मी त्यांच्या शेजारी पिठाची गिरणी चालवतो. सर चहा प्यायला बसले की खिडकीतून आवाज येतो, “दत्ता, बंद कर.” गिऱ्हाईक डबा घेऊन उभं, आत अर्धा गहू, आणि मी पट्टा थांबवायचा. कारण काय, तर गिरणीचा हादरा भिंतीतून खुर्चीत, खुर्चीतून मानेत आणि मानेतून त्यांच्या उजव्या डोळ्यात जातो. डावा डोळा मागेच गेला, आतला पडदा सुटला. आता जे काय दिसतं ते उजव्यानंच.

शाळेत सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. सोल आणि जेल हा त्यांचा आवडता धडा. टेबलावर एक वाटी दुधाची, एक दह्याची. दोन्ही तिरप्या करायचे.

“वाहिलं ते सोल, बसलं ते जेल. सोलमधी कण सुटे फिरतेत. जेलमधी एकमेकाचे हात धरून बसतेत अन् पाण्याला जाऊ देत न्हाईत.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, “सर, जेलात तर चोराला टाकतेत.”

“ते येगळं. न्हावी डोक्याला लावतो ते जेल मातर आपल्या घरातलं. अन् बुटाचा सोल आपल्या घरातला न्हाई, तवा पाय खाली घे.” मग दह्याची वाटी जोरजोरात हलवून, सुटलेलं पाणी दाखवून म्हणायचे, “बसलेलं हलवू नका. हलवलं की हात सुटतेत.”

हाच धडा म्हातारपणी त्यांच्या मानगुटीवर बसला. उजव्या डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले तेव्हा सर महिनाभर माशा हाकलत होते. शेवटी वसमतच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यात जेलसारखा पदार्थ असतो, वयानं त्याचं पाणी होत जातं, ठिपके त्याचेच. मान हलवल्यानं काही बिघडत नाही; पण वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा बाजूनं काळी सावली आली तर त्याच दिवशी या. सरांनी मानेचं वाक्य नामंजूर केलं आणि सावलीचं धरून बसले.

त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, जन्मापासून ऐकू येत नाही. दोघं हातांनी बोलतात. त्या खुणा त्यांच्या घरच्या, सगळ्या फक्त सरांना कळतात. मला चारदोन येतात: चहा, पीठ, लाईट गेली. गिरणीच्या भिंतीतून साप निघाला त्या दिवशी काकूंनी छातीवर मुठीची उघडझाप केली, तेव्हा भीतीची खूणही मला कळली. सर अंगणातून चालले की काकू मागून डोक्यावर घागर घेतल्यासारख्या त्यांची नक्कल करतात. सरांना मागचं दिसत नाही, म्हणून त्या पुढे येऊन पुन्हा करून दाखवतात.

गेल्या महिन्यात त्यांना तपासणीला न्यायचं होतं. ऑटोत सर उशी घेऊन बसले आणि मांडीवर दह्याचं गाडगं.

“हे काहून, सर?”

“मोजमाप हाय. दही फुटलं न्हाई तोवर डोळा बराबर.”

मी कपाळाला हात लावला. पण पुढे एका खड्ड्यात ऑटो अशी आदळली की माझेही दात वाजले. सरांनी गाडग्यात बघितलं. दह्याला मधोमध चीर गेली होती आणि चिरेत पाणी.

“दत्ता, फुटलं.”

“घरी गेल्यावर ताक करा, सर,” ऑटोवाला हसून म्हणाला.

सर हसले नाहीत. “बोटं दाखव,” म्हणाले. मी दाखवली, त्यांनी बरोबर सांगितली. “बाजूनं दाखव. आता खालून. पुन्हा दाखव.” गाडगं त्यांच्या मांडीवर थरथरत होतं, आणि रस्ता तर आता सपाट होता. मलाही भीती वाटायला लागली. ऑटोवाल्यानं न सांगता गाडी हळू केली. वसमत येईपर्यंत मी बोटं दाखवत होतो.

डॉक्टर म्हणाले, आज पडदा जागेवर आहे, पुढचं सांगता येत नाही.

चार दिवसांनी दुपारी मी त्यांचं पीठ पोचवायला गेलो. दार उघडंच होतं. ओसरीत सर खुर्चीवर बसले होते, डोळ्यांवर टॉवेल गच्च बांधलेला. समोर काकू. त्यांच्या हातांवर सरांचे हात होते. काकू खूण करत, सर ती बोटांनी चाचपत आणि तीच खूण करून दाखवत. चहा. बरोबर आलं की काकू त्यांच्या गुडघ्यावर थाप देत. पीठ. थाप. लाईट गेली. सर चुकले. काकूंनी पुन्हा केली.

मी डबा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. डोळा गेला तर जग दिसणार नाही, एवढीच सरांची भीती असेल असं मी धरून चाललो होतो. काकूंचं बोलणं ऐकणारं गावात दुसरं कुणी नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग काकूंनी सरांचा हात आपल्या छातीवर नेला आणि त्याखाली मुठीची उघडझाप केली. नंतर सरांचंच बोट वळवून सरांच्या छातीला लावलं. तुम्हाला भीती वाटते का?

सरांनी ती खूण करून दाखवली नाही. काकूंचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरून ठेवले होते, त्यामुळे अंगठाही वर करता येईना. तोंडानं ‘मंजूर’ म्हणून उपयोग नव्हता.

सरांनी मान हलवली. खाली, वर, आणि पुन्हा खाली.