मादामच्या गळ्यात हार

या, जवळ सरकून बसा. टाळ खाली ठेवा, पंखा असू द्या. आज तंजावरची एक कथा ऐकवतो. देव कुणाच्या तोंडाने बोलेल याचा नेम नाही, हे ऐकून पटेल तुम्हांला.

गल्लीत नुकतीच केबल आली होती आणि मुली परदेशी शिकायला जाऊ लागल्या होत्या, त्या काळची गोष्ट. अनिरुद्धरावांच्या सुप्रभाला फ्रेंच शिकायला फ्रान्सच्या विद्यापीठात जायचं होतं. निवड करणाऱ्या मादाम क्लेर पाँडिचेरीला आल्या, त्यांनी प्रश्न विचारले आणि सुप्रभाची वाचाच बसली. तासभर ती नुसतं 'वी, वी' म्हणत राहिली.

"होय होय म्हणणारी बाहुली पाठवून आलो की मी!" अनिरुद्धराव कपाळ बडवत म्हणाले.

पण मादामना तंजावरचं मोठं देऊळ पाहायचं होतं. त्या तंजावरला आल्या, तेव्हा अनिरुद्धरावांनी त्यांना रामनवमीच्या कीर्तनाला घरी बोलावलं. पोरगी चार वाक्यं जरी बोलली तरी काम होईल, एवढीच आशा.

कीर्तनकार वेंकटराव तिरुवैयारुहून मोपेडवर निघाले होते. मोपेड पुलावरच बंद पडली. इकडे माणसं जमली, मृदंग लागला. मादाम रामपंचायतनाची तसबीर न्याहाळत पुढे गेल्या आणि नेमक्या कीर्तनकाराच्या पाटासमोर उभ्या राहिल्या. उंच बांधा, अंगात पांढरं, खांद्यावर सुप्रभाच्या चंद्रमतीआत्यांनी दिलेलं उपरणं.

सुप्रभाचे आजोबा बाळकृष्णराव यांचा मोतीबिंदू पिकलेला. ते उठले, "या वेंकटराव!" म्हणाले, मादामच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि पायांवर डोकं ठेवलं.

"आजा! वेंकटराव नव्हेत ते!" सुप्रभा ओरडली.

"मग कोण?"

"माझ्या मादाम!"

हार काढायला अनिरुद्धराव धावले, पण चंद्रमतीआत्या आडव्या आल्या. "खबरदार! नारदाच्या जागी उभ्या माणसाला हार पडला, की कथा झाल्याशिवाय उतरवायचा नाही. या घराची रीत आहे."

"अय्यो आत्या, त्यांना कथा कुठली येते?" सुप्रभा म्हणाली.

"देवाला काय भाषा? करू दे त्यांना."

तोवर कुणीतरी मादामच्या हातात चिपळ्याही दिल्या. त्यांनी हळूच फ्रेंचमध्ये विचारलं, "आता मी काय करायचं?" सुप्रभाला उत्तर देणं भागच होतं. "एका भक्ताची गोष्ट सांगायची," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

मादामनी आपल्या आजीची, जोसेफीनची, गोष्ट काढली. युद्धाचे दिवस, घरात बटाटे मोजके, तरी ही बाई रोज सूपचा एक वाडगा जास्त भरायची. का, तर कुणीतरी उपाशी दार ठोठावेल. एक-एक वाक्य आलं, की सुप्रभा ते मराठीत सांगायची. आधी चाचरत, मग सरळ, मग चालीवर! लहानपणापासून आज्याच्या मांडीवर बसून ऐकलेली कीर्तनं जिभेवर येऊन बसली. मृदंगवाल्याने ठेका धरला, बायका 'एक वाडगा जास्त' हे पालुपद म्हणू लागल्या. काही अडलं, की सुप्रभा वळून फ्रेंचमध्ये विचारी, "घर कसं होतं? थंडी किती होती?" आणि मादाम चिपळ्या वाजवत उत्तर देत.

गोष्ट संपली. पण भक्ताला वैकुंठाला पोचवल्याशिवाय आमचे श्रोते उठतात होय? सगळे वाट बघत बसले. शेवटी सुप्रभानेच विमान उतरवलं, जोसेफीनआजीला त्यात बसवलं आणि देवाच्या पंगतीला नेऊन सोडलं. आजोबांच्या डोळ्यांना धार लागली. ती पाहून मादामही रडल्या.

हाताला काळं तेल लागलेले वेंकटराव दारातच उभे होते. "माझी कथा पुढल्या वर्षी," म्हणाले आणि मादामपुढे सगळ्यांत आधी नमस्काराला वाकले.

हार उतरवताना मादाम म्हणाल्या, "पाँडिचेरीत ही मुलगी बोलेना, आज थांबेना. सप्टेंबरात पाठवा." अनिरुद्धराव या खेपेला स्वतःच "वी, वी" म्हणत सुटले.

सुप्रभा गेली. पहिल्याच सुट्टीनंतर कोपऱ्यावरच्या बूथवर तिचा फोन आला.

"आजा, घात झाला! जोसेफीनआजी जिवंत आहे. ब्याण्णव वर्षांची. मादामच्या घरी गेले, तर दार तिनंच उघडलं, सूपही तिनंच वाढलं!"

"अगे, मी तर दर नवमीला तिच्या नावानं रसमचा वाडगा ठेवतोय!"

"सांगितलं मी तिला सगळं. ती हसत सुटली. विचारते, वैकुंठात जेवायला बरं मिळतं का?"

"सांग तिला, तू वाढशील तितकं बरं नाही मिळत." आजोबांनी फोन कानाला धरूनच दुसरा हात जोडला. "आणि माझ्या नातीला जेवू घातलंस, तुझे उपकार कसे फेडू, हेही विचार तिला."

तर श्रोतेहो, देवाच्या कृपेनं तुमच्या पानात दोन घास पडतील, तेव्हा त्या जोसेफीनआजीची आठवण ठेवा. फक्त तिच्या नावामागे 'वैकुंठवासी' लावू नका, एवढी विनंती.