सिद्रामप्पांची नवी गल्ली

सिद्रामप्पांची पोस्ट जगाला दिसण्याआधी आमच्या गल्लीला ऐकू येते. बोटांनी टाइप करणं त्यांना मान्य नाही. ओट्यावर मांडी घालून बसतात, फोन तोंडासमोर पापडासारखा आडवा धरतात आणि बोलून लिहितात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. पुढे कारखाना विकला, आवाज मात्र स्वतःकडेच ठेवला. त्यामुळे नॉर्वेतल्या कुणा बाईच्या मांजरीबद्दल अप्पा आज काय म्हणाले, हे भवानी पेठेत भाजी निवडणाऱ्या बायकांनाही ठाऊक असतं.

हे सगळं माझ्यामुळे झालं, असं माझी बायको म्हणते. जुन्या सोशल मीडियावर अप्पा भयंकर वैतागले होते. एकदा चुकून गुडघ्याच्या तेलाची जाहिरात बघितली, तर महिनाभर फोनमधून गुडघेच बाहेर येत होते. "सर, भाचीच्या पोराचं बारसं झालेलं दिसंना, अन् ह्यो गुडघा रोज दिसतोय!"

मी शाळेत शिकवतो, आणि शिक्षकाला सगळं माहीत असतं असा पेठेचा समज आहे. तो मी मोडत नाही. मी ऐटीत सांगितलं, आता एक नवा प्रकार निघालाय. त्याला एकच असा मालक नाही. लहान लहान सर्व्हर, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, नियम वेगळे, तरी इकडचा माणूस तिकडच्याशी बोलू शकतो. जाहिराती नाहीत. आपला सर्व्हर आपण निवडायचा. 'सर्व्हर निवडा' म्हणणाऱ्या पहिल्याच पानावरून मी स्वतः पळ काढला होता, ते सांगायची काही गरज नव्हती.

अप्पा पळाले नाहीत. तिथल्या पत्त्यात आधी माणसाचं नाव आणि पुढे सर्व्हरचं नाव असतं, हे बघून त्यांनी मांडीवर थाप मारली. "नाव अन् गाव! ह्यात अवघड काय हाय की?" मग भाड्याचं घर बघावं तसे त्यांनी सर्व्हर बघितले. चालवणारा कोण, शेजार कसा, भांडणं किती, सगळी चौकशी केली. शेवटी एक छोटा मराठी सर्व्हर पसंत पडला. तो चालवणाऱ्या वृंदाताई परदेशात कुठेतरी नोकरी करतात. तिथं पोस्टी तीन ठिकाणी दिसतात. आपण निवडलेल्या माणसांच्या दिसतात ते 'घर', आपल्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या दिसतात ती 'गल्ली', आणि बाहेरच्या सर्व्हरांच्याही येऊन पडतात तो 'बाजार', अशी नावं अप्पांनी ठेवून टाकली.

पहिल्या दिवशी घर रिकामं. इथं माणसं आपणच शोधावी लागतात, असं मी म्हटलं.

"मग बरोबरच हाय की. नव्यानं आलेल्यानंच दार वाजवायचं असतंय."

आता अप्पांची दार वाजवायची एक पद्धत आहे. घरी कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारा हा माणूस, पण भेटेल त्याला, मग तो पोस्टमन असो की इन्कमटॅक्सवाला, पहिला प्रश्न कन्नडमध्येच विचारणार: "ऊटा आतेन्री?" म्हणजे, जेवण झालं का? झालं असेल तर "आत्री" म्हणायचं. आमच्याकडे हा नमस्कारच आहे. अप्पांनी गल्लीतल्या झाडून सगळ्यांना तेच विचारलं आणि मग बाजारात शिरले. कुणी कविता टाकली, ऊटा आतेन्री. कुणी दुर्बिणीतून चंद्राचा फोटो काढला, ऊटा आतेन्री. कुणी आपल्या सरकारवर संतापला, ऊटा आतेन्री. एका जर्मन माणसाने अर्थ विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पावाचा फोटो पाठवला. "कोरडंच खातंय बिचारं," अप्पा हळहळले. "शेंगाचटणी पाठवाय पायजे."

आणि एक दिवस आमची पेठेतली गल्ली शांत झाली. दुसऱ्या दिवशीही शांतच. मला करमेना, म्हणून गेलो. अप्पा ओट्यावर होते आणि फोन पालथा पडला होता.

"काढलं की सर मला!"

एवढ्या लोकांना एकच वाक्य पाठवणारं हे यंत्र असणार, अशी दुसऱ्या सर्व्हरवरून तक्रार आली होती. नियमाप्रमाणे वृंदाताईंनी खातं बंद केलं होतं.

"मला मशीन म्हंत्यात! मशीन जेवाय इचारतंय व्हय?"

मी म्हटलं, जाऊ द्या अप्पा, दुसऱ्या सर्व्हरवर खातं उघडू.

"तितं कोण वळखतंय मला? कारखान्यातनं आलो की गौरव्वा हेच इचारायची. ती गेल्यापास्नं मी सगळ्यांस्नी इचारतो. मला कोण इचारत न्हाय."

बायको गेल्याचं हे दुःखही त्यांनी मागावरच्याच आवाजात सांगितलं. समोरच्या ओट्यावरची भाजी निवडणं थांबलं. मला फार वाईट वाटलं.

दाद मागायची सोय होती. मी फोन धरला आणि अप्पा बोलले. "वृंदाताई, मी माणूस हाय. आमच्यात दार वाजवलं की जेवण इचारत्यात. तुमच्यात चालत नसलं तर एका येळी एकालाच इचारीन. तुमी कामात असाल. आदी जेवा, मग वाचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. खातं सुरू! 'जेवून मगच वाचलं,' असं वृंदाताईंनी लिहिलं होतं. जेवायला विचारणारे आजोबा कुठे गेले, म्हणून गल्लीने त्यांना भंडावून सोडलं होतं. यापुढे नव्या माणसाचं स्वागत अप्पाच करतील, असंही त्यांनी जाहीर केलं. मला फटाके लावावेसे वाटले. तेवढ्यात फोन वाजत सुटला. 'ऊटा आतेन्री, अप्पा?' गल्लीतून, बाजारातून, नॉर्वेच्या बाईकडून. जर्मन माणसाने तर पावासकट विचारलं होतं. अप्पा एकेक मोठ्याने वाचत होते, आणि शेजारच्या बायका ओट्याभोवती जमल्या होत्या.

उत्तर द्यायला त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि तसाच खाली ठेवला.

"आत्री म्हणा की," मी म्हटलं.

"कसं म्हणू? कालपास्नं जेवलोच न्हाय. एवढ्या जणांस्नी खोटं कसं सांगायचं?"

ते आत गेले. भांड्यांचा आवाज झाला, आणि मग हाक आली, "या की सर, दोन ताटं घेतल्यात!"

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. जेवण झाल्यावर तिथंच बसून अप्पांनी सगळ्यांना उत्तर दिलं, कबूल केल्याप्रमाणे एका वेळी एकालाच. "आत्री!" "आत्री!" गल्ली दणाणून गेली. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि चुलीकडच्या रिकाम्या पाटाकडे बघून आणखी एकदा म्हणाले, "आत्री."

ते गल्लीला ऐकू गेलं नाही. मी शेजारी बसलो होतो, म्हणून मला आलं.