गाडी थांबवू नका, मास्तर झोपलेत

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांनी पहाटे स्वप्नात ब्रेक दाबला आणि बायको पुन्हा एकदा किंचाळत उठली.

स्वप्न नेहमीचंच. शिकाऊ माणूस स्टिअरिंग सोडून त्यांच्याकडे वळतो आणि शांतपणे विचारतो, "मास्तर, यातला ब्रेक कुठला?" समोर भिंत! बावीस वर्षं मास्तर शेजारच्या सीटवर, पायाखालच्या जादा ब्रेकच्या भरवशावर बसत आले होते. स्वप्नात तिथे ब्रेक नसायचा. बिछान्यात बायकोची नडगी असायची.

महिनाभर हेच चाललं होतं. आता दिवसाही छाती धडधडायची. विद्यार्थ्याने क्लच सोडायच्या आत मास्तरांचा पाय ब्रेकवर, आणि गाडी बंद. शेवटी बायको त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी आधी तिच्याकडेच पाहिलं. "लंगडताय का?"

"यांचा ब्रेक लागला."

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "मास्तर, काळजीने असं होतं, लाजण्यासारखं काही नाही. औषध देतो, दर आठवड्याला बोलायलाही या. पण आठ दिवसांत झोप लागली नाही, तर शिकवणं बंद करावं लागेल. आणि आज गाडी चालवायची नाही."

"मग घरी जायचं कसं?"

"मी कशाला आहे?" बायको म्हणाली.

तिच्याकडे बारा वर्षांपासून लायसन्स होतं. ते मास्तरांनीच मिळवून दिलं होतं आणि मास्तरांनीच कधी वापरू दिलं नव्हतं.

"गिअर... आरसा... अगं, सायकलवाला!"

"दिसला हो मला. त्यालासुद्धा मी दिसले."

गंमत अशी, की शिकवणीच्या त्या गाडीत मास्तरांचा पाय जादा ब्रेकवर पोहोचायच्या आत तिचा तिच्या ब्रेकवर पोहोचलेला असायचा. दोन-चारदा असं झाल्यावर त्यांच्या पायाला काही कामच उरलं नाही. कारंज्याच्या चौकात येईपर्यंत मान कलली आणि मास्तर चक्क घोरू लागले.

चौकात शिरण्याआधीच्या सिग्नलला गाडी थांबली, तसे ते दचकले. गाडी हलली, पुन्हा घोरू लागले. बायको काय ते समजली. गाडी थांबली की काहीतरी बिघडलं, हे बावीस वर्षांत त्यांच्या अंगात मुरलं होतं. ती घरचा रस्ता सोडून कारंज्याभोवती चकरा मारू लागली.

अकराच्या तासाची विद्यार्थिनी, दातांची डॉक्टरीण, चौकातच उभी होती.

"पटकन मागे बसा! गाडी थांबणार नाही."

"अहो, पण..."

"मास्तर झोपलेत!"

डॉक्टरीण चार पावलं पळाली आणि आत पडली. साडेअकराचे विद्यार्थी निवृत्त ग्रंथपाल होते, नेहमीसारखे अर्धा तास आधीच येऊन थांबलेले. त्यांना तिनेच पुढच्या फेरीत दंडाला धरून, दात उपटावा तसं आत ओढलं.

"हा काय प्रकार आहे?" ग्रंथपाल ओरडले.

"शूऽऽ!"

सगळा जन्म दुसऱ्यांना शू करण्यात घालवलेल्या माणसाला हे झोंबलं. पण मास्तरांचा सैल पडलेला चेहरा पाहून ते विरघळले. "वहिनी," ते कुजबुजले, "हा माझा तास धरायचा का?"

"धरा की. इतका शांत तास कधी मिळाला होता?"

नवव्या फेरीला वाहतूक पोलिसाने शिट्टी तोंडाशी नेली. मागच्या दोघांनी ओठांवर बोट ठेवून पुढच्या सीटकडे खुणा केल्या. पोलिसाने वाकून पाहिलं, शिट्टी खाली घेतली आणि हात आडवा करून बाकीच्या गाड्या अडवल्या.

तासाभराने पेट्रोलचा दिवा टिंगकन लागला आणि मास्तरांचे डोळे उघडले. बायको गाडी चालवतेय. दोन विद्यार्थी मागे कोंबलेले, दोघांचंही बोट ओठांवर. पोलीस वाट करून देतोय आणि सगळं जग कारंज्याभोवती फिरतंय. हे स्वप्नच, यात मास्तरांना शंका उरली नाही. जीव मुठीत धरून ते अपघाताची वाट पाहू लागले. डावीकडून एक बस घुसली. बायकोने वेग कमी करून तिला पुढे जाऊ दिलं.

बस्स, एवढंच.

"हे स्वप्न बरंय," मास्तर पुटपुटले आणि दाराला टेकून पुन्हा झोपले.

बायकोने पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं, मग आरशातून मागच्या दोघांकडे. "तुमच्यापैकी कोणाला गाडी ढकलता येते?"

ग्रंथपालांनी मुकाट्याने चष्मा काढून खिशात ठेवला.