अडीच वाजता पडणारी लिंक

शुभंकरच्या नोकरीचे पहिले सहा महिने संपायला तीन आठवडे उरले होते आणि जयनगरची लिंक रोज दुपारी अडीचला पडत होती. त्याचे साहेब पद्मनाभ यांनी त्याला इंदिरानगरच्या ऑफिसात बोलावून शांतपणे सांगितलं, की ही लिंक सलग सात दिवस न पडता चालली तर कायम झाल्याचं पत्र मिळेल. नाही चालली तर घरी, पुण्याला परत जायला गाड्या भरपूर आहेत, हे ते बोलले नाहीत. पण शुभंकरला ते ऐकू आलं.

लिंक म्हणजे दोन डबे. एक ऑफिसच्या गच्चीवर, दुसरा जयनगरात कस्तुराबाईंच्या गच्चीवर. दोघांचं बिनतारी बोलणं चाले आणि त्यावर जयनगरच्या तीन गल्ल्यांचं इंटरनेट. बोलायचं पाळीपाळीनं: एक बोलला की दुसऱ्यानं गप्प ऐकायचं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा. त्यासाठी दोघांची घड्याळं तंतोतंत जुळावी लागतात. वेळ ते उपग्रहांकडून घेत. प्रत्येक डब्याशेजारी त्यासाठी नळीच्या टोकावर वाटीएवढा पांढरा गोळा बसवला होता. उपग्रह दिसेनासे झाले तर डबा तीनेक तास अंदाजानं वेळ काढतो. मग चुकतो आणि दोन विहिणी एकदम बोलायला लागल्यासारखं होतं. अशा वेळी लाल दिवा लागे. का लागला हे सांगायची सोय डब्यात नव्हती, कारण डबा स्वस्तातला होता.

कस्तुराबाई मूळच्या निपाणीच्या, पण चाळीस वर्षं जयनगरात मुरलेल्या. गच्ची वापरू दिल्याबद्दल त्यांना इंटरनेट फुकट होतं आणि त्यावर त्या जेवण झाल्यावर मालिका बघत. अडीचला मालिकेतली सासू तोंड उघडं ठेवून थांबली, की त्या कंपनीला नव्हे, थेट शुभंकरला फोन करत.

तासभर ट्रॅफिकमधून स्कूटर हाकत तो पोचायचा. पण चहा घेतल्याशिवाय गच्चीवर जायचं नाही, असा त्या घरचा कायदा होता. चहा पिऊन वर जावं तर दिवा हिरवागार. आता तासभर येऊन काहीच सापडलं नाही असं कुठला इंजिनियर लिहील? पहिल्यांदा त्यानं केबल डब्याला जोडणारा कनेक्टर पिळून घट्ट केला आणि कनेक्टर सैल होता असं लिहिलं. दुसऱ्यांदा तो बदलला आणि गंजला होता असं लिहिलं. तिसऱ्यांदा कनेक्टरची जातच वाईट असल्याचं ठरवून टाकलं. पद्मनाभ साहेबांना हे फार पटलं. त्यांनी शहरातल्या चाळीस गच्च्यांवरचे कनेक्टर बदलायचा हुकूम काढला. कंपनीची के. आर. पुरमची माणसं भर उन्हात जिने चढताना शुभंकरला तीन भाषांत शिव्या घालू लागली. जयनगरची लिंक मात्र पडायची ती पडतच होती.

पाचव्या खेपेला शुभंकरला पित्त झालं होतं. चहाला नाही म्हणून तो सरळ वर गेला. दिवा लाल होता, आणि पांढऱ्या गोळ्यावर एक जाड बुडाचं स्टीलचं पातेलं उपडं घातलेलं होतं.

"काकू, हे इथं कशाला?"

"वाळायला की रे," मागून धापा टाकत आलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या. "साडेअकराला महानंदा भांडी घासून जाते. ह्या गोळ्यावर कसं बरोब्बर बसतंय बघ. तुमच्या कंपनीनं चांगली सोय केलीय."

"त्याला आकाश दिसत नाही त्यानं."

"कुणाला, पातेल्याला?"

पाहुण्याचा चहा त्याच पातेल्यात होत असे. म्हणजे शुभंकर आला की पातेलं खाली येई, गोळ्याला आकाश दिसे आणि चहा संपेपर्यंत लिंक आपोआप उठे. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पातेलं इथं ठेवू नका, असं त्यानं कस्तुराबाईंना हात जोडून सांगितलं. त्या कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पातेलं कठड्यावर गेलं. साहेबांना मात्र त्यानं पातेल्याचं काही कळवलं नाही.

सहा दिवस लिंक पडली नाही. सातव्या दिवशी साडेअकराला पद्मनाभ साहेब ही आदर्श गच्ची स्वतः पाहायला आले. शुभंकरची पाठ थोपटून त्यांनी म्हैसूरसाठी चारशे कनेक्टर मागवायचं बोलून दाखवलं. चारशे हा आकडा ऐकून शुभंकरला राहवलं नाही. त्यानं पातेल्याचं सगळं सांगून टाकलं.

साहेब पुराव्याचे भक्त होते. त्यांनी पातेलं मागवलं, स्वतःच्या हातानं गोळ्यावर घातलं आणि घड्याळ लावून उभे राहिले. वीस मिनिटं झाली. दिवा हिरवाच.

"सर, तीन तास लागतात," शुभंकर म्हणाला.

"वीस मिनिटांत लुकलुकलासुद्धा नाही. थिअरी इंटरेस्टिंग आहे, पण डेटा काही वेगळंच म्हणतोय."

शुभंकर पातेलं काढायला वळला, तर साहेब म्हणाले, राहू दे, काकूंचं आहे. मग के. आर. पुरमच्या लोकांना कनेक्टरचं महत्त्व समजावून सांगायला ते त्याला आपल्या गाडीतून घेऊन गेले. साहेबांचा प्रयोग चुकलाय, पातेलं काढा, हे साहेबांच्या शेजारी बसून कस्तुराबाईंना फोनवर कसं सांगणार? तो घड्याळ बघत बसला.

परतताना पावणेतीनला कस्तुराबाईंचा फोन आला. कस्टमर आहे, स्पीकरवर टाक, असं साहेबांनी सांगितलं.

"बाळा, टीव्ही थांबला बघ. ते पातेलं काढू काय? तू नको म्हणालास खरं, पण साहेबांनी स्वतःच्या हातानं ठेवलंय. मी कसा हात लावू?"

पुढचा सिग्नल सुटला, तरी साहेबांना पत्ता नव्हता. मागचे हॉर्न वाजवू लागले.

"काढा म्हणून सांग," ते अखेर म्हणाले.

दहा मिनिटांत लिंक उठली. पण सातवा दिवस बुडाला होता आणि शुभंकरला पुण्याची गाडी दिसू लागली होती.

"लिंक का पडली, ते लिहावं लागेल," साहेब रस्त्याकडे बघत म्हणाले. "काय लिहिशील?"

"सर, जे झालं ते. पातेलं तुम्ही—"

"कनेक्टर."

शुभंकरनं फोन खिशात ठेवला.

"तुझं कायम झाल्याचं पत्र उद्या सकाळी टेबलावर असेल," साहेब म्हणाले. "आणि म्हैसूरचे ते चारशे आजच मागव. आज पुन्हा पडली म्हणजे गरज आहेच."