पुस्तकपट्टी

कर नागरिकाच्या खिशातून निघतो आणि नागरिकाच्याच कल्याणासाठी खर्च होतो, हे सत्य नागरिक सोडून सर्वांना मान्य आहे. पुण्याच्या पूर्व टोकाला, मांजरी गावाच्या उसाला जिथे इमारती येऊन भिडतात, तिथे नव्याने स्थापन झालेल्या आमच्या नगरपालिकेने या सत्यावर जेवढं प्रेम केलं तेवढं क्वचितच कोणी केलं असेल. (पालिकेचं नाव अजून ठरलेलं नाही, नामकरण समितीच्या बैठका सुरू आहेत. त्यामुळे मुख्य चौकातल्या सेल्फी पॉइंटवर तूर्त नुसतंच 'आय लव्ह' एवढं लिहिलं असून पुढे जागा सोडली आहे. लोक त्या जागेत उभे राहून फोटो काढतात. चालून जातं.)

मी या पालिकेच्या वाचन महसूल उपसमितीचा मानद सचिव. मानद म्हणजे चहा मिळतो, मानधन मिळत नाही. आयुष्य कर खात्यात काढल्यामुळे कुठली वस्तू करपात्र आहे हे मला लांबून दिसतं, तो भाग वेगळा.

प्रकरण सुरू झालं वाचनालयाच्या छतावरून. आमचं सार्वजनिक वाचनालय पाण्याच्या टाकीखालच्या दोन खोल्यांत आहे. खडकवासल्याचं पाणी आमच्या नळांना येत नाही, पण टाकीला येतं, आणि टाकीतून वाचनालयात न चुकता येतं. (चोवीस तास पाणीपुरवठा योजना यशस्वी झालेलं हे आमच्या हद्दीतलं एकमेव ठिकाण.) ग्रंथपाल नाजिमा बागवान यांनी अर्ज केला की छताची दुरुस्ती करावी, खर्च चार लाख. सभेत त्या म्हणाल्या, "इतिहास विभाग वाहून गेला. आता चरित्रं भिजतायत. कवितांपर्यंत पाणी अजून पोचलेलं नाही, आणि पोचलं तरी कोणाची तक्रार येईल असं नाही. पण त्यानंतर मुलांची पुस्तकं आहेत."

"बाई, मान्य. पण पैसा आणायचा कुठून?" नगराध्यक्ष दिग्विजयदादांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. वाचनालयाची गेल्या वर्षीची तरतूद सेल्फी पॉइंटवर खर्च झाली होती. त्यावर अक्षरं असल्यामुळे तो खर्च 'वाचनसाहित्य' या शीर्षाखाली व्यवस्थित बसला, लेखापरीक्षकांनीही आक्षेप घेतला नाही. तेव्हा नवा कर बसवणं ओघानंच आलं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांवर पदपथ झीज कर सुचवला गेला, पण लोक पदपथ दाखवा म्हणतील या भीतीने तो बारगळला. मग फुकट दिलेल्या सल्ल्यावर कर बसवायचं ठरत होतं. हिशेब मांडून पाहिला तर पहिल्याच तिमाहीत निम्मं गाव भिकेला लागत होतं, आणि त्यात उपसमितीचा नंबर पहिला होता.

त्या वेळी मी उठलो. म्हटलं, न आलेल्या पाण्याची आपण पट्टी घेतो. न उचललेल्या कचऱ्याचा आकार घेतो. मग न वाचलेल्या पुस्तकाला सूट कशासाठी?

दिग्विजयदादा म्हणाले, "सचिवसाहेब, याला म्हणतात डोकं." मी नको नको म्हणालो, पण टाळ्या झाल्याच.

योजना सोपी होती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या ताब्यात असलेली, पण न वाचलेली पुस्तकं स्वयंघोषणापत्रात लिहून द्यायची. दर पुस्तकामागे वर्षाला चाळीस रुपये. आमच्याकडे प्रत्येक दिवाणखान्यात काचेचं कपाट असतं आणि त्याची किल्ली हरवलेली असते, हे लक्षात घेता अकरा लाखांचा अंदाज मी काढला. चार लाख छताला, उरलेले सात 'आय लव्ह'च्या पुढच्या अक्षरांना.

"लोक खरं लिहून देतील?" नाजिमाबाईंनी शंका काढली.

"अहो बाई, विद्येचं माहेरघर आहे हे," मी म्हणालो.

"माहेरीच माणूस जास्त खोटं बोलतं," त्या म्हणाल्या. "सगळं छान चाललंय म्हणून सांगतं."

ग्रंथपालांनी अशा प्रकारे आशयघन बोलू नये, असं माझं मत आहे. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

महिनाभरात घोषणापत्रं आली, आणि आम्ही थक्क झालो. आमच्या हद्दीत न वाचलेलं पुस्तक नव्हतं. विश्वकोशाचे सगळे खंड घरोघर वाचून झाले होते. एका गृहस्थांनी जुनी टेलिफोन डिरेक्टरी वाचल्याचं नमूद करून 'शेवट अपेक्षितच होता' असा शेरा मारला होता. एका बाईंनी शब्दकोश दोनदा वाचला होता, दुसऱ्यांदा जास्त आवडला. हिंजवडीच्या एका कंपनीत असलेला, माझ्या वरच्या मजल्यावरचा विश्वजीत जिन्यात भेटला. म्हणाला, "अंकल, मी सगळ्यांच्या समरी ऐकल्यात, त्याही टू एक्स स्पीडने. टेक्निकली रीडच काउंट होणार ना?" विधी सल्लागारांनी अभिप्राय दिला की दुप्पट वेगाने ऐकलेलं पुस्तक दोनदा वाचलं असं धरावं.

माझ्या घोषणापत्रातही शून्यच होतं. सचिवाच्या घरी न वाचलेलं पुस्तक निघणं पदाला शोभलं नसतं.

शेवटच्या दिवशी सोजरबाई आल्या. यांची जमीन होती तिथे आता चौदा मजले आहेत, आणि त्यातल्या तिसऱ्या मजल्यावर त्या राहतात. वयाची सत्तरी उलटल्यावर त्या दुपारच्या वेळी वाचनालयात जाऊन नाजिमाबाईंकडे वाचायला शिकल्या. (या वर्गाला पालिकेची मान्यता नव्हती.)

"येक हाय," सोजरबाईंनी खिडकीत सांगितलं. "निम्मं झालंय."

"मग झालंच की, आजी. शून्य लिहितो," लिपिक म्हणाला.

"निम्मं कसं झालंच? खून झालाय, पर केला कुनी त्ये अजून घावलं न्हाई."

"आजी, उगाच पट्टी बसेल."

"बसू दे की. ऱ्हायलंय त्ये ऱ्हायलंय. लिव."

अशा रीतीने पुस्तकपट्टीचं एकूण उत्पन्न वीस रुपये झालं. वसुलीचा खर्च वजा जाता तूट किती आली हे सांगणं औचित्याला धरून होणार नाही. सर्वोच्च करदात्या म्हणून सोजरबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. शाल साडेचारशेची होती.

पुढच्या सभेत दिग्विजयदादांनी वस्तुस्थिती मांडली. गावातल्या सर्वांनी सर्व पुस्तकं वाचलेली आहेत, हे त्यांच्याच सह्यांनिशी सिद्ध झालं आहे. म्हणजे वाचनालयाचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झालं. साक्षर झालेल्या गावात कोणी प्रौढ साक्षरता वर्ग चालवत बसत नाही. सबब छताची दुरुस्ती रद्द, वाचनालय बंद, आणि दोन्ही खोल्या सेल्फी पॉइंटच्या जनरेटरसाठी द्याव्यात. (टाकीखाली ओलावा असल्याने जनरेटर थंड राहील, असा तांत्रिक अहवाल सोबत जोडला होता.)

"सर्वांनी नाही," नाजिमाबाई म्हणाल्या. "सोजरबाईंचं निम्मं राहिलंय."

विधी सल्लागारांनी नियम चाळले. पट्टी भरलेल्या वाचकाचं वाचन पूर्ण होईपर्यंत सेवा बंद करता येत नव्हती. तेव्हा ठराव झाला तो असा: नवीन पुस्तकं देणं आजपासून थांबवावं, आणि सोजरबाईंचं हातातलं पुस्तक संपेल त्या दिवशी वाचनालय कायमचं बंद झालं असं समजावं.

त्या दिवसापासून सोजरबाई सावकाश वाचू लागल्या. शहाणी बाई. रोज दुपारी येतात, भिजत नाही अशा कोपऱ्यात बसतात, एक पान पुढे जातात आणि दोन पानं मागे येतात. तरी पुस्तकच ते, मागे किती जाणार? आता शेवटची चार पानं उरली आहेत, आणि गेले कित्येक दिवस चारच आहेत.

मी पाहणीला गेलो होतो. बादल्या मांडलेल्या, त्यांत थेंबांचा आवाज, आणि मुलांची पुस्तकं सगळ्यात उंच फळीवर चढवलेली. मी सोजरबाईंना विचारलं, वाचत का नाही.

"लई जीव तुटतो वो," त्या म्हणाल्या. "कारखान्याच्या लेखापालाला कुनी मारलं, रात रात डोळा लागत न्हाई. पर म्या शेवट वाचला की ह्या बाईचं दार बंद. अन् हितं डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. उद्या दिसायचंच थांबलं, तर मला शेवट बी न्हाई आन वाचायला बी न्हाई."

नाजिमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला तुमचा राग येतो, सचिवसाहेब," त्या शांतपणे म्हणाल्या आणि बादली रिकामी करायला गेल्या. कर्मचाऱ्याने असं बोलणं सेवाशर्तींत बसत नाही, पण बादली भरली होती हे खरं.

पालिका हातावर हात ठेवून बसणारी नाही. जनरेटर येऊन पडला होता. तेव्हा सोजरबाईंना शेवट तोंडी सांगून टाकावा, म्हणजे वाचन पूर्ण झालं असं धरता येईल, अशी युक्ती दादांनी काढली. त्यात अवघड काहीच नव्हतं. ती रहस्यकादंबरी म्हणजे इथल्या पतसंस्थेने रौप्यमहोत्सवात प्रत्येक सभासदाला दिलेली भेट. (मागच्या वर्षी स्टीलचा डबा दिला होता. सभासद अजून नाराज आहेत.) घरटी एक प्रत आहे, आणि घोषणापत्रांनुसार प्रत्येक घरात ती वाचलेली आहे. सोमवारी पाच वाजता कोणीही एकाने येऊन खुनी कोण ते सांगावं, असं जाहीर आवाहन करण्यात आलं.

सोमवारी पाच वाजता कोणी आलं नाही. मंगळवारी पत्रं आली. शेवट आधी सांगणं वाचनसंस्कृतीला धरून नाही, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. काहींनी खुनी कोण यापेक्षा लेखकाची शैली महत्त्वाची असते असं कळवलं. टेलिफोन डिरेक्टरीवाले गृहस्थ म्हणाले, शेवट इथेही अपेक्षितच आहे, पण सांगणार नाही. मला दादांनी सभेतच विचारलं. मी म्हणालो, सचिवाने निःपक्षपाती राहावं.

शेवटी नाजिमाबाईंनी एक उपाय सुचवला आणि विधी सल्लागारांना तो मान्य करावा लागला. पालिकेचे कर्मचारी सोडून आणखी कोणत्याही एका नागरिकाने दुरुस्ती घोषणापत्र भरून 'माझ्या घरी एक पुस्तक वाचायचं राहिलं आहे' एवढं लिहून दिलं, तर वाचनालयाला दुसरा वाचक मिळतो. मग सोजरबाईंनी आपला शेवट खुशाल वाचावा, दार उघडंच राहील. खर्च चाळीस रुपये. कोरी घोषणापत्रं नाजिमाबाईंच्या टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवली आहेत.

दोन महिने झाले. एकही कागद गेलेला नाही. सोजरबाईंचं ऑपरेशन पुढल्या आठवड्यात आहे, आणि त्या म्हणतात, आदल्या दिवशी मात्र मी वाचणार, मग काय व्हायचं ते होवो. दादांनी जनरेटरला हार घालायचा मुहूर्त त्याच दिवशीचा काढला आहे.

मी स्वतः गेलो असतो. पण पदाचा प्रश्न आहे.

आपल्याला विचारण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. आपण वाचक माणूस. ती कादंबरी आपल्याकडेही असणार, काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, विश्वकोशाला टेकून. आणि अर्थातच वाचून झालेली. तेव्हा आजींना सांगू नका, दादांनाही नको, फक्त माझ्यापुरतं सांगा. लेखापालाला मारलं कोणी?